सहा गाण्यांची तबकडी



या व्यासपीठावर आम्ही यापूर्वी दोन वेळा उभे राहिलो आहोत. पहिल्या वेळी विषय होता किमान वेतन आणि दुसऱ्या वेळी कंत्राटी कामगारांचे हाल. यंदाचा विषय आम्ही कळविला तेव्हा चिटणीसांनी मुद्दाम दूरध्वनी करून विचारले, "विषय लिहिताना काही चूक तर झाली नाही ना?" चूक झालेली नाही. अमेरिकेतील सिॲटल शहरातल्या चार तरुणांनी १९८८ साली सहा गाण्यांची एक तबकडी काढली, तिच्याविषयीच आम्ही आज बोलणार आहोत. संगीतशास्त्राचा आम्हाला गंध नाही. शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात आणि कारखान्यांच्या दारांवरील सभांत झाले. त्याच १९८८ साली आम्ही लेथवर मदतनीस म्हणून लागलो होतो. तरीही या विषयावर बोलण्याचा आम्हाला अधिकार आहे असे आम्ही समजतो. तो आहे की नाही, हे सगळे ऐकून झाल्यावर आपण ठरवावे.

प्रथम एक कबुली देणे भाग आहे. आमच्या युनियनच्या कचेरीला लागून एक खोली आहे. ती सभासदांच्या वर्गणीतून बांधलेली आहे. काही महिन्यांपूर्वी तीन पोरे आमच्याकडे आली. दोघे एका टर्निंगच्या कारखान्यात कंत्राटदाराकडून लावलेले, तिसरा वायरमनच्या हाताखालचा. "भाऊ, रविवारी संध्याकाळी खोली मिळेल का? गाणी बसवायची आहेत." आम्ही किल्ली दिली. आम्हाला वाटले, पोवाडा असेल, फार तर भजन असेल. रविवारी जाऊन पाहतो तो दोन गिटारी, एक ढोलांचा संच आणि असा काही कल्लोळ की भिंतीवरची तसबीर हालत होती. पाव तास आम्ही सोसले. मग म्हणालो, "हे बंद करा. ही खोली कामगारांची आहे, गोंगाटाची नाही." त्यांच्यातला थोरला वायर गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "भाऊ, आम्हीपण कामगारच आहोत की." एवढे बोलून ती निघून गेली.

त्या वाक्याने आम्हाला रात्री झोप लागली नाही. कारण ती तिघेही आमच्या नोंदवहीत नव्हती. कंत्राटी म्हणून त्यांना आम्ही सभासद करून घेतलेले नव्हते. याच व्यासपीठावर कंत्राटी कामगारांसाठी गळा काढणाऱ्या माणसाची ही स्थिती! दुसऱ्या दिवशी त्या थोरल्याने आमच्या मोबाइलवर एक तबकडी पाठविली आणि खाली लिहिले, "ऐका. हिचे नाव कशावरून ठेवले ते शोधा." रागावला असताही पोराने आम्हाला अभ्यासाला लावले. त्या अभ्यासाचे फळ आज आपल्यापुढे ठेवतो.

तबकडीचे नाव 'सुपरफझ बिगमफ'. ती काढणाऱ्या वाद्यवृंदाचे नाव 'मडहनी'. या तऱ्हेच्या संगीताला पुढे 'ग्रंज' हे नाव पडले. ग्रंज म्हणजे मळ, किटण. कारखान्यात काम केलेल्या माणसाला किटण म्हणजे काय ते सांगावयास नको. तबकडी छोटी, पंचवीस मिनिटांच्या आत संपणारी. तिकडे अशा तबकडीला ईपी म्हणतात. एका-दोन गाण्यांच्या तबकडीपेक्षा मोठी आणि पूर्ण लांबीच्या तबकडीपेक्षा लहान. आपल्याकडेही ज्यांच्या घरी रेकॉर्ड प्लेअर होता त्यांना भावगीतांच्या छोट्या ईपी आठवत असतील.

आता सिॲटल हे गाव कोणते ते पाहू. आम्हा युनियनवाल्यांना ते नाव वेगळ्याच कारणाने ठाऊक होते. १९१९ सालच्या फेब्रुवारीत त्या शहरात सार्वत्रिक संप झाला. गोदी कामगारांच्या पाठिंब्यासाठी साठ हजारांवर कामगारांनी हत्यारे खाली ठेवली, आणि त्या पाच-सहा दिवसांत संपसमितीने शहराला जेवण पुरविले, लहान मुलांना दूध पुरविले. पुढे हे शहर बोइंगच्या विमानांवर जगू लागले. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस बोइंगमध्ये एक लाखावर माणसे कामाला होती. १९७१ साली ती चाळीस हजारांच्या खाली आली. त्या साली रस्त्याच्या कडेला कुणी फलक लावला, त्याचा भावार्थ असा, की सिॲटल सोडणाऱ्या शेवटच्या माणसाने दिवा मालवून जावे. ज्या पिढीने ही तबकडी काढली ती त्या फलकाच्या काळात लहानाची मोठी झाली.

वाद्यवृंदात चौघे होते. मार्क आर्म गाई आणि गिटार वाजवी. स्टीव्ह टर्नर दुसरी गिटार वाजवी. मॅट ल्यूकिनकडे बेस गिटार आणि डॅन पीटर्सकडे ढोल. पहिले दोघे 'ग्रीन रिव्हर' नावाच्या आधीच्या वाद्यवृंदातून फुटून आलेले, ल्यूकिन 'मेल्विन्स'मधून आलेला. १९८८च्या आरंभी ते एकत्र आले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तबकडी बाजारात आली. वर्ष उलटण्यापूर्वी काम पुरे! आमच्याकडे एका मागणीपत्राचा मसुदा व्हायला याहून अधिक काळ लागतो.

आता नावाचा उलगडा. सुपर-फझ आणि बिग मफ ही दोन हत्यारांची नावे आहेत. गिटार आणि ध्वनिवर्धक यांच्या मध्ये जमिनीवर एक लोखंडी डबी ठेवतात आणि ती पायाने दाबतात. तिला पेडल म्हणतात. सुपर-फझ जपानात बनलेली आणि युनिव्हॉक्स या नावाने विकली गेलेली डबी. बिग मफ न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्स कारखान्यातली. तारेचा कंप विजेच्या लाटेच्या रूपाने डबीत शिरतो. आत तो इतका वाढवितात की ठरल्या मर्यादेवर लाटेचा शेंडा छाटला जातो. गोल लाट चौकोनी होते, आणि मूळ सुरात नसलेले अनेक उपस्वर तिच्यात शिरतात. लेथवर हत्यार बोथट झाले की चीक चीक आवाज सुरू होतो आणि जॉबवर लाटा उमटतात, ते ज्याने अनुभवले आहे त्याला ही गोष्ट चटकन कळेल. फरक एवढाच, की आम्ही तो जॉब भंगारात टाकतो आणि त्यांनी तो विक्रीला ठेवला.

या आवाजाचा जन्मही बिघाडातून झालेला आहे. १९६१च्या सुमारास नॅशव्हिल येथे मार्टी रॉबिन्स या गायकाचे गाणे ध्वनिमुद्रित होत असता यंत्राचा एक भाग बिघडला आणि गिटारीचा आवाज फाटून आला. तो तसाच ठेवला गेला. लोकांना आवडला. मग ग्लेन स्नॉडी या तंत्रज्ञाने तोच फाटका आवाज हुकमी काढणारी डबी तयार केली आणि १९६२ साली ती बाजारात आली. आपल्या धंद्यातही चुकीच्या कापातून नवी युक्ती सापडल्याची उदाहरणे जुन्या कारागिरांकडे पुष्कळ आहेत. त्यांची नावे मात्र कुठे नोंदलेली नाहीत.

इलेक्ट्रो-हार्मोनिक्सची कथा तर आम्हाला विशेष लागली. १९८०च्या दशकाच्या आरंभी तो कारखाना कर्जात आणि कामगारतंट्यात सापडला. युनियन बांधण्यावरून तिथे मारामारीपर्यंत प्रकरण गेले आणि पुढे कारखाना बंद पडला. दोष कुणाचा, याचा निवाडा इतक्या दुरून आम्ही करणार नाही. बंद कारखान्याच्या दारात उभे राहिलेल्या माणसाने तो घाईने करूही नये. परंतु परिणाम ध्यानात घ्या. १९८८ साली नवी बिग मफ मिळत नव्हती. शिवाय त्या काळात बाजारात फॅशन होती ती चकचकीत विद्युत पेट्यांची, त्यामुळे जुन्या गिटारी आणि जुन्या डब्या गहाणवटीच्या दुकानांत स्वस्तात पडून असत. श्रीमंत वादकांनी टाकलेली हत्यारे या पोरांनी उचलली. आणि उचलून तिथेच थांबली नाहीत. आपल्या पहिल्या मोठ्या कामाला त्यांनी त्याच हत्यारांची नावे दिली. कुणा नटीचे नाव दिले नाही, देवाचे दिले नाही, स्वतःचेही दिले नाही. एखाद्या टर्नरने आत्मचरित्र लिहून त्याला 'लेथ आणि कानस' हे नाव ठेवावे, तसेच हे झाले. हे कळले तेव्हा आम्ही ती तबकडी दुसऱ्यांदा लावली. त्यावेळी ती जरा अधिक समजली.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. म्यूझॅक नावाची एक अमेरिकन कंपनी होती. १९३४ साली तिने हे नाव घेतले. तिचा धंदा संगीताचा, पण गिऱ्हाईक ऐकणारा नव्हे. गिऱ्हाईक होता मालक. कारखान्यांत, कचेऱ्यांत, दुकानांत तारेवरून मंद संगीत सोडावयाचे. त्याचे शास्त्र तिने बनविले होते. पंधरा मिनिटांचा एक घास. त्यात गाण्यांची गती हळूहळू चढत न्यावयाची, मग पंधरा मिनिटे शांतता, मग पुन्हा घास. सकाळी मध्यावर आणि दुपारी जेवणानंतर कामगाराचा हात जेव्हा मंदावतो, तेव्हा संगीताची चढण अधिक ठेवावयाची. ऐकणाऱ्याचे लक्ष संगीताकडे जाऊ नये, पण हात मात्र चालत राहावा, अशी ती योजना. चहाच्या सुटीतले एक मिनिट कापणारा मालक आम्ही पाहिला होता. कामगाराच्या कानातून त्याच्या हातापर्यंत पोचणारा मालक मात्र आम्ही प्रथमच वाचला.

१९८०च्या दशकात या म्यूझॅकची मोठी कचेरी सिॲटलमध्ये होती. मार्क आर्म तिथे कामाला होता. गिऱ्हाइकांकडून परत आलेल्या टेपांच्या पेट्या पुसून स्वच्छ करावयाच्या, हे त्याचे काम. ज्याने पुढे ही तबकडी प्रकाशित केली तो ब्रूस पॅव्हिटही तिथे नोकरीला होता. सिॲटलच्या वाद्यवृंदांतली आणखीही काही पोरे त्या गोदामात होती. बंधुभगिनींनो, हे चित्र डोळ्यांपुढे आणा. दिवसभर मालकाच्या संगीताच्या पेट्या पुसावयाच्या आणि रात्री स्वतःचे संगीत वाजवावयाचे! मग ते संगीत मंद, गुळगुळीत, लक्ष न वेधणारे कसे असेल? ते कर्कशच असणार. ज्या कल्लोळाला आम्ही गोंगाट म्हणून खोलीबाहेर घालविले, त्या कल्लोळाचे निदान एक कारण आम्हाला इथे सापडले. ज्या संगीताकडे दुर्लक्ष करताच येणार नाही, असे संगीत या पोरांना हवे होते.

आता तबकडी कशी झाली ते सांगतो. सिॲटलच्या बॅलार्ड भागात एका लहानशा त्रिकोणी इमारतीत 'रेसिप्रोकल रेकॉर्डिंग' नावाचे ध्वनिमुद्रणगृह होते. क्रिस हॅन्झेक आणि जॅक एन्डिनो या दोघांनी ते १९८६ साली सुरू केले. एन्डिनो हा आधी नौदलाच्या गोदीत विजेच्या कामाचा इंजिनिअर होता. ती नोकरी सोडून तो या कामात पडला. यंत्र आठ पट्ट्यांचे. म्हणजे फितीवर आठ निरनिराळे आवाज शेजारी शेजारी मुद्रित करता येत. ढोलाला काही पट्ट्या, गिटारींना काही, गळ्याला एक, की संपले. मोठ्या कंपन्यांकडे त्या वेळी चोवीस आणि अठ्ठेचाळीस पट्ट्या होत्या. पट्ट्या कमी, पैसा कमी, म्हणून वेळही कमी. चौघांनी एकत्र उभे राहून वाजवावयाचे, आणि झाले ते झाले. खर्चाचा अंदाज यावा म्हणून दुसरे उदाहरण देतो. निर्वाना या वाद्यवृंदाने आपली पहिली पूर्ण तबकडी काही महिन्यांनी याच खोलीत, याच एन्डिनोकडे केली. ध्वनिमुद्रणाला ६०० डॉलर लागले, असे त्यांनी तिच्या वेष्टनावरच छापले आहे. जमाखर्च वेष्टनावर छापणारा कारखानदार आम्ही अजून पाहावयाचा आहे.

फीत तयार झाली म्हणजे ती कोरून घ्यावयाची. लाखेच्या गुळगुळीत तबकडीवर सुई खाच पाडीत जाते. हे काम ज्या यंत्रावर होते त्याला तिकडेही लेथच म्हणतात, हे वाचून आम्हाला घरचे माणूस भेटल्यासारखे झाले. त्या कोरीव तबकडीवरून धातूचे साचे काढतात आणि साच्यांमध्ये तापलेले प्लॅस्टिक दाबून तबकड्या पाडतात. वरच्या वेष्टनासाठी चार्ल्स पीटरसन या तरुणाने कार्यक्रमात काढलेले छायाचित्र घेतले. केस उडताहेत, चेहरे धड दिसत नाहीत, घाम मात्र दिसतो.

प्रकाशन 'सब पॉप' या कंपनीचे. ब्रूस पॅव्हिट आणि जोनाथन पोनमन या दोघांनी १९८८च्या एप्रिलमध्ये नोकऱ्यांवर पाणी सोडून ती पूर्णवेळ चालवावयास घेतली. भांडवल तुटपुंजे. म्हणून त्याच वर्षी त्यांनी एक युक्ती काढली, ती आपल्या ओळखीची आहे. लोकांकडून आगाऊ वर्गणी घ्यावयाची आणि दर महिन्याला एक छोटी तबकडी टपालाने घरी पाठवावयाची. वर्गणीवर चळवळ चालते हे सत्य तिकडेही कुणाला तरी सुचले. मडहनीची तबकडी घरच्यापेक्षा परदेशात अधिक गाजली. इंग्लंडमध्ये स्वतंत्र कंपन्यांच्या तबकड्यांच्या खपाची वेगळी यादी असते, तिच्यात ती दीर्घकाळ टिकली. १९८९ साली वाद्यवृंद तिकडे दौऱ्यावरही जाऊन आला.

एवढ्यावर थांबलो तर व्याख्यान गोड होईल, पण खरे होणार नाही. पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. १९९१च्या सुमारास सब पॉप दिवाळ्याच्या काठावर आली. देणी थकली. मडहनी एका बड्या कंपनीकडे गेला. निर्वाना आधीच बड्या कंपनीकडे गेला होता, आणि त्याची १९९१ सालची तबकडी जगभर खपली तेव्हा तिच्या उत्पन्नातल्या हिश्श्यावर सब पॉप तगली. १९९५ साली तिचा निम्म्याला थोडा कमी हिस्सा वॉर्नर या बड्या कंपनीने विकत घेतला. ज्या चौकड्यांच्या जाड शर्टात त्या भागातले लाकूडतोडे काम करीत आणि ही पोरे थंडीत फिरत, तो शर्ट १९९२ साली न्यूयॉर्कच्या एका फॅशनप्रदर्शनात रेशमातून बनवून मिरविला गेला. कामगाराचे फाटके कपडेही श्रीमंतांना हवेसे वाटू शकतात. फक्त आत कामगार नको!

या प्रकाराचा सूड एका नोकरदार बाईने घेतला, तो ऐकण्यासारखा आहे. सब पॉपच्या कचेरीत पूर्वी येणाऱ्या-जाणाऱ्यांची विचारपूस करणारी मेगन जॅस्पर ही मुलगी कपातीत निघाली होती. १९९२ साली न्यूयॉर्क टाइम्सच्या वार्ताहराने तिला विचारले, ग्रंजवाल्यांची खास बोली कोणती? तिने तिथल्या तिथे खोटे शब्द रचून सांगितले, आणि त्या मातबर वर्तमानपत्राने ते कोशासारखे छापले. पुढे हीच मेगन जॅस्पर सब पॉपमध्ये परतली आणि तिची मुख्य अधिकारी झाली.

आणि आपले ते चौघे? ल्यूकिन वाद्यवृंदातून निघाला. सुतारकाम हा त्याचा धंदा होता. त्याच्या जागी आलेला गाय मॅडिसन हा रुग्णालयात परिचारक. मार्क आर्मने पुढे अनेक वर्षे सब पॉपचे गोदाम सांभाळले. स्वतःची आणि दुसऱ्यांची गाणी खोक्यांत भरून तो रवाना करीत असे. वाद्यवृंद मोडला नाही. २०२३ सालीही त्याची नवी तबकडी निघाली. काही लोक याला अपयश म्हणतील, की एवढा नावाजलेला गवई आणि गोदामात! आम्हाला तसे वाटत नाही. त्याच पिढीतले कित्येकजण प्रसिद्धीच्या आणि व्यसनाच्या वरवंट्याखाली अकाली गेले. हा माणूस भाकरी हाताच्या कामावर मिळवीत राहिला आणि गाणे कुणाकडे गहाण टाकले नाही. म्यूझॅकचे काय झाले म्हणाल, तर २०१३ साली नव्या मालकांनी ते नावच पुसून टाकले.

या सगळ्यातून आम्ही एक गोष्ट शिकलो. काम मोठे असेपर्यंत ते मालकाच्या भांडवलाची वाट पाहते. ते आपल्या ऐपतीएवढे केले की आपलेच राहते. त्या चौघांजवळ पुऱ्या तबकडीइतका पैसा नसेल, परंतु सहा गाण्यांइतका होता. त्यांनी सहा गाणी केली आणि पुरी केली. परंतु त्यालाही एक खोली लागली, आणि खोलीचे दार उघडणारा माणूस लागला. एन्डिनोने दार उघडले. आम्ही लावून घेतले होते.

त्या थोरल्या पोराला आम्ही बोलावून घेतले आणि नावाचा उलगडा सांगितला. तो म्हणाला, "भाऊ, खरंच शोधलंत?" आम्ही किल्ली त्याच्या हातावर ठेवली. आता दर रविवारी साडेनऊपर्यंत ती तिघे वाजवितात. पहिल्या महिन्यात शेजाऱ्यांच्या दोन तक्रारी आल्या, त्या आम्ही निस्तरल्या. त्यांचे संगीत आम्हाला अजून पुरते रुचत नाही, हे खोटे कशाला बोला? कंत्राटी कामगारांना सभासद करून घेण्याचा ठराव मात्र आम्ही कार्यकारिणीपुढे मांडला. तो एका मताने पडला. आमचेच जुने सहकारी विरुद्ध गेले. त्यांना भीती वाटते की कायम कामगारांची बाजू दुबळी होईल. त्यांची भीती आम्ही समजू शकतो, कारण काल-परवापर्यंत ती आमचीही होती. पुढच्या सर्वसाधारण सभेत ठराव पुन्हा येईल. या सभागृहात आमचे जे सभासद बसले आहेत, त्यांनी त्या दिवशी अवश्य यावे. आणि तत्पूर्वी एखाद्या रविवारी त्या खोलीत पाव तास बसून पाहावे. कान दुखतील. तरी बसावे.